‘रेअर’ला दर वेळी ‘दुर्मीळ’ म्हणावे का?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी काही महिन्यांपासून इंग्रजीतून मराठीत अनुवादाची कामे घेते. अलीकडे संपादकांनी माझे तीन मसुदे परत पाठवले आणि तिन्हींत ‘रेअर’ या एकाच शब्दाभोवती लाल खुणा होत्या. एक मसुदा औषधाच्या खोक्यात असते त्या माहितीपत्रकाचा, दुसरा वनस्पतींवरच्या लेखाचा आणि तिसरा एका कथेचा होता. मी सगळीकडे ‘दुर्मीळ’ लिहिले होते. कथेत एक पात्र हॉटेलात मांसाचा तुकडा ‘रेअर’ मागवते, तिथेही मी तेच केले. वनस्पतींच्या लेखात तर एका झुडपाला ‘रेअर’ म्हणून पुढच्याच वाक्यात ते तिथे ‘अबंडंट’ आहे असे म्हटले आहे, ही मला मूळ लेखकाचीच चूक वाटते. शिवाय ‘आय रेअरली डोन्ट गो आउट’ हे माझे वाक्य चुकीचे आहे असे मला सांगण्यात आले, पण का ते कोणी सांगितले नाही. ‘रेअर’ आणि ‘स्कार्स’ यांत फरक काय, ‘रेअरेस्ट ऑफ रेअर’ ही द्विरुक्ती नाही का, आणि ‘रेअर’साठी एकच नेमका मराठी शब्द कोणता, हे कृपया कळवावे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरे त्यावरच उभी आहेत. ‘रेअर’साठी सर्वत्र चालेल असा एकच मराठी शब्द नाही आणि तो शोधण्यात वेळ घालवू नये. ‘दुर्मीळ’ हा शब्द उत्तमच आहे, पण तो ‘मिळणे’ या क्रियापदाशी बांधलेला आहे. जे कोणाला तरी हवे असते, जे शोधले जाते आणि सहजासहजी हाती लागत नाही, ते दुर्मीळ. ‘रेअर’मध्ये ते हवे असण्याची अट मुळीच नाही. जुनी पोथी, विशिष्ट टपाल तिकीट किंवा एखादे ध्वनिमुद्रण यांना ‘दुर्मीळ’ शोभून दिसते. आजार किंवा औषधाचा दुष्परिणाम कोणी शोधत फिरत नाही, म्हणून तिथे तो शब्द किंचित अवघडून बसतो. ‘दुर्मीळ आजार’ ही शब्दयोजना आता रूढ झाली आहे आणि तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. मात्र जिथे रूढीचा आधार नाही, तिथे अनुवादकाने आधी थांबून विचार करायला हवा.

त्या विचाराला शब्दाच्या मुळाची चांगली मदत होते. लॅटिनमध्ये ‘रारुस’ म्हणजे दाट नसलेले: ज्याच्या दोन धाग्यांत, दोन झाडांत किंवा दोन कणांत मोकळी जागा आहे असे. त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘डेन्सुस’, ज्यापासून इंग्रजीतला ‘डेन्स’ आला. इंग्रजीतही ‘रेअर’ पूर्वी पातळ, विरळ अशा अर्थाने वापरला जात असे आणि उंच पर्वतावरच्या हवेबद्दल बोलताना तो अर्थ अजून भेटतो, फक्त आता तिथे ‘रेअरिफाइड’ हे रूप अधिक चालते. मराठीतला ‘विरळ’ नेमका याच वाटेने गेलेला आहे. विरळ केस, विरळ वस्ती, विरळ हवा, आणि तिथून ‘असा माणूस विरळाच’. म्हणून ‘रेअर’ समोर आला की मी स्वतःला एवढाच प्रश्न विचारतो की हा विरळपणा कशातला आहे. तो जागेतला असू शकतो, काळातला असू शकतो, माणसांच्या संख्येतला असू शकतो किंवा गुणांतला असू शकतो. आणि ज्यातला तो असेल, त्याप्रमाणे मराठी वाक्य बदलते.

आता तुमचे माहितीपत्रक घेऊ, कारण तीन मसुद्यांपैकी खरी जोखीम तिथेच आहे. औषधांच्या माहितीपत्रकात ‘रेअर’ हे वर्णन नसून माप असते. आंतरराष्ट्रीय स्तरावर रूढ झालेल्या पद्धतीनुसार दुष्परिणामांच्या पाच पायऱ्या मानल्या जातात. दहा जणांपैकी एकाला किंवा त्याहून अधिकांना होणारा तो ‘व्हेरी कॉमन’. शंभरात एक ते दहात एक या दरम्यानचा ‘कॉमन’. हजारात एक ते शंभरात एक या दरम्यानचा ‘अनकॉमन’. दहा हजारांत एक ते हजारात एक या दरम्यानचा ‘रेअर’. आणि दहा हजारांत एकाहूनही कमी असेल तर ‘व्हेरी रेअर’. म्हणजे ‘अनकॉमन’ आणि ‘रेअर’ हे इथे समानार्थी शब्द नाहीत, त्यांच्यात दहा पटींचा फरक आहे. तुमच्या मसुद्यात पहिल्याला ‘क्वचित’ आणि दुसऱ्याला ‘दुर्मीळ’ म्हटले असेल, तर निदान पायऱ्या वेगळ्या राहिल्या. पण पुष्कळ अनुवादांत दोन्हींना ‘क्वचित’ म्हणून टाकलेले असते आणि तिथे माहितीच पुसली जाते.

तरीही ‘क्वचित’बद्दल माझी तक्रार आहेच. तो काळाचा शब्द आहे. ‘क्वचित डोकेदुखी होऊ शकते’ असे वाचणारा रुग्ण ‘मला अधूनमधून डोके दुखेल’ असा अर्थ घेतो, तर मूळ पत्रक सांगत असते की औषध घेणाऱ्या पुष्कळ लोकांपैकी फार थोड्यांना हा त्रास होतो, आणि ज्यांना होतो त्यांना तो कदाचित रोजही होईल. ‘कॉमन’साठी ‘सामान्य’ लिहिणे त्याहून वाईट, कारण ‘सामान्य दुष्परिणाम’ म्हटले की तो साधा, काळजी करण्यासारखा नसलेला असा समज होतो. आणि ‘वारंवार’ लिहावे तर पुन्हा एकाच माणसाला परत परत होणारा असे वाटते. इथला विरळपणा माणसांच्या संख्येतला आहे, तेव्हा मराठीनेही माणसेच मोजावीत. ‘पुष्कळ जणांना’, ‘बऱ्याच जणांना’, ‘काही जणांना’, ‘थोड्या जणांना’ आणि ‘अगदी थोड्या जणांना’ अशी पायऱ्यांची उतरंड करता येईल, आणि प्रत्येकीपुढे आकडा द्यावाच: ‘थोड्या जणांना होऊ शकणारे त्रास, म्हणजे १,००० पैकी जास्तीत जास्त एकाला’. नुसत्या शब्दावरून लोक धोका प्रत्यक्षाहून बराच मोठा समजतात, असे अभ्यासांत वेळोवेळी दिसले आहे, म्हणून आकडा कधीही गाळू नये. औषध कंपनीने ठरावीक मराठी शब्द दिले असतील, तर अर्थातच तेच वापरावेत आणि आपली पसंती बाजूला ठेवावी; एका कंपनीच्या दोन पत्रकांत दोन वेगळे शब्द येणे हे कोणत्याही एका शब्दाच्या उणेपणापेक्षा अधिक घातक आहे.

याच क्षेत्रात ‘रेअर डिसीज’ भेटतो आणि तिथे माप पुन्हा बदलते. अमेरिकेच्या कायद्यानुसार त्या देशात २,००,००० हून कमी लोकांना झालेला आजार ‘रेअर’ ठरतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार १०,००० लोकांमागे पाचांहून अधिक रुग्ण नसावे लागतात. म्हणजे साधारण दोन हजारांत एक, आणि दुष्परिणामांच्या पायऱ्या लावल्या तर एवढे प्रमाण ‘रेअर’च्याच पट्ट्यात येईल. असे आजार एकेकटे विरळ असले तरी त्यांचे प्रकार हजारांनी आहेत आणि सगळे मिळून जगभरातले कोट्यवधी लोक त्यांच्यासह जगतात, त्यामुळे ‘दुर्मीळ आजारांचे रुग्ण दुर्मीळ असतात’ असले वाक्य चुकूनही लिहू नये. या आजारांसाठीचा जागतिक दिवस पहिल्यांदा २९ फेब्रुवारी २००८ रोजी पाळला गेला. चार वर्षांतून एकदा येणारी तारीख मुद्दाम निवडली होती, आणि इतर वर्षी तो फेब्रुवारीच्या अखेरच्या दिवशी असतो.

वनस्पतींच्या लेखात मूळ लेखकाची चूक नाही. एखादी जात ‘रेअर’ असूनही विपुल कशी असू शकते, याचे उत्तर डेबोरा रॅबिनोविट्झ या अमेरिकी परिस्थितिकी-अभ्यासक महिलेने १९८१ साली फार सुबकपणे मांडले. कोणत्याही जातीबद्दल तीन गोष्टी पाहाव्यात असे त्यांनी सुचवले. ती विस्तीर्ण प्रदेशात पसरली आहे की अगदी लहान टापूत आहे. ती अनेक प्रकारच्या अधिवासांत जगते की एखाद्याच विशिष्ट अधिवासात. आणि ती जिथे सापडते तिथे संख्येने पुष्कळ असते की कुठेही तुरळकच असते. तीन प्रश्न आणि प्रत्येकाची दोन उत्तरे, म्हणजे आठ शक्यता. त्यांतली तिन्ही उत्तरे अनुकूल असलेली एकच शक्यता सर्रास आढळणाऱ्या जातीची. उरलेल्या सात या विरळपणाच्या सात निरनिराळ्या तऱ्हा. तुमचे झुडूप बहुधा लहान टापूत, एकाच प्रकारच्या जमिनीवर, पण तिथे झुंडीने वाढणारे असणार. त्या पठारावर उभ्या असलेल्या माणसाला ते पावलोपावली दिसेल आणि पठाराबाहेर जगात कुठेही दिसणार नाही. तेव्हा ‘हे झुडूप दुर्मीळ असून तिथे विपुल आहे’ असे न लिहिता ‘या झुडपाचा आढळ अत्यंत मर्यादित आहे, मात्र जिथे ते आहे तिथे विपुल आहे’ असे लिहिले की विसंगती राहत नाही. याउलट एखादी जात मोठ्या प्रदेशात पसरलेली पण सगळीकडे एखाद-दुसरीच असेल, तर तिला ‘विरळ आढळणारी’ किंवा ‘तुरळक’ हाच शब्द योग्य आहे.

याच लेखात आणखी एक खड्डा असू शकतो, म्हणून सांगून ठेवतो. ‘रेअर’ म्हणजे ‘धोक्यात आलेली’ असे नव्हे. निसर्गसंवर्धनासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या लाल यादीत पूर्वी ‘रेअर’ असा स्वतंत्र वर्ग होता. संख्या कमी असल्याने जोखीम आहे, पण अजून ‘एन्डेंजर्ड’ (धोक्यात आलेली) किंवा ‘व्हल्नरेबल’ (धोक्याच्या वाटेवरची) म्हणण्याइतकी स्थिती नाही, अशा जाती त्यात घातल्या जात. १९९४ साली वर्गवारी नव्याने आखली गेली, तेव्हा तो वर्ग गळाला आणि घट किती वेगाने होत आहे, क्षेत्र किती आक्रसले आहे अशा निकषांवर वर्ग ठरू लागले. म्हणून जुन्या लेखातला ‘रेअर’ आणि नव्या लेखातला ‘एन्डेंजर्ड’ या दोहोंना ‘दुर्मीळ’ म्हणून एकत्र बांधू नये. विरळपणा हा पाहणारा कुठे उभा आहे यावरही पुष्कळ अवलंबून असतो. ‘रारा एव्हिस’, म्हणजे ‘विरळ पक्षी’, हा जुना लॅटिन वाक्प्रचार. रोमन कवी ज्युव्हेनालने तो वापरताना काळ्या हंसाची उपमा दिली होती, कारण त्याच्या जगात काळा हंस असणेच शक्य नव्हते. पुढे १६९७ साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचलेल्या डच खलाशांना काळे हंस दिसले, आणि तिथे ते मुळीच विरळ नव्हते.

कथेकडे वळू. हॉटेलातल्या ‘रेअर’चा निकाल झटपट लागतो, कारण तो मुळात वेगळाच शब्द आहे. प्राचीन इंग्रजीत ‘ह्रेर’ असे एक विशेषण होते, त्याचा अर्थ कमी शिजलेले, आणि ते मुख्यतः अंड्यांच्या संदर्भात येत असे. पुढे त्याचे उच्चार आणि लेखन बदलत बदलत लॅटिनमधून आलेल्या ‘रेअर’सारखे झाले आणि ते मांसालाही लागू पडू लागले. दोन शब्दांची तोंडे सारखी झाली, पण त्यांचे नाते काही नाही. ‘रेअर’ स्टेक म्हणजे बाहेरून भाजलेला, पण आत लालसर आणि ओलसर राहिलेला. त्याहून थोडा अधिक शिजला की ‘मीडियम रेअर’, आणि शेवटच्या टोकाला पूर्ण शिजलेला ‘वेल डन’. कथेतल्या पात्राच्या तोंडी ‘आतून लालसर राहू द्या’ हे वाक्य स्वाभाविक वाटेल. पात्र शहरी आणि अशा हॉटेलांत रुळलेले असेल, तर ‘रेअर’ हाच शब्द तसाच ठेवला तरी चालेल. ‘कच्चे’ मात्र लिहू नका, कारण ते कच्चे नसते.

कथेत आणि बातम्यांत ‘रेअर’चा आणखी एक वापर सतत भेटतो, आणि माझ्या मते अनुवादात सर्वांत जास्त हसे त्यानेच होते. ‘शी गेव्ह हिम अ रेअर स्माइल’ हे वाक्य घ्या. तिचे हास्य जगात दुर्मीळ नव्हते; ती सहसा हसत नसे आणि त्या क्षणी हसली, एवढेच लेखकाला सांगायचे आहे. विशेषण नामाला चिकटले आहे, पण ते काम करते आहे क्रियाविशेषणाचे, आणि विरळपणा त्या माणसाच्या सवयीतला आहे. ‘तिने त्याला दुर्मीळ हास्य दिले’ हे मराठी नव्हे. ‘एरवी न हसणारी ती त्याच्याकडे पाहून हसली’, किंवा संदर्भ आधीच स्पष्ट असेल तर नुसते ‘आणि चक्क हसली’ असे लिहावे. त्याचप्रमाणे ‘इन अ रेअर इंटरव्ह्यू’ म्हणजे ‘एरवी मुलाखती टाळणाऱ्या अमुक लेखकाने’, आणि ‘इन अ रेअर मूव्ह’ म्हणजे ‘सहसा न उचलले जाणारे पाऊल उचलून’. ‘एरवी’ आणि ‘सहसा’ हे दोन शब्द हाताशी ठेवले, तर अशी बहुतेक वाक्ये सरळ होतात. ‘ऑन रेअर ऑकेजन्स’साठी ‘क्वचितप्रसंगी’ आहेच, आणि बोलण्याच्या सुरात ‘कधीमधी एखाद वेळी’ हेही चालते.

‘रेअर’ आणि ‘स्कार्स’ यांतला फरक तुम्हाला वाटतो त्याहून सोपा आहे. ‘स्कार्स’मध्ये गरज गृहीत धरलेली असते. जेवढे हवे तेवढे उपलब्ध नाही, ही ‘स्कार्स’ची अट, मुळात ते जगात कमी आहे की जास्त, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पाणी पृथ्वीवर विपुल आहे, तरी दुष्काळात ते ‘स्कार्स’ होते, ‘रेअर’ होत नाही. म्हणून ‘वॉटर इज रेअर इन समर’ हे वाक्य इंग्रजी वाचकाला विचित्र वाटते. उलट एखादा खनिजाचा खडा जगात चार ठिकाणीच सापडत असेल आणि कोणालाच नको असेल, तर तो ‘रेअर’ खरा, पण ‘स्कार्स’ नव्हे. मराठीत आपल्याकडे ‘टंचाई’ आणि ‘तुटवडा’ हे ‘स्कार्स’चे अचूक जोडीदार आहेत आणि दोन्हींत गरज अंतर्भूत आहे. जुनी पुस्तके आणि नाणी यांच्या व्यवहारात मात्र हे दोन शब्द एकाच शिडीच्या दोन पायऱ्या मानले जातात; तिथे ‘स्कार्स’ म्हणजे कमी आढळणारे आणि ‘रेअर’ म्हणजे त्याहून कमी. विल्यम शेल्डन या अमेरिकी नाणे-अभ्यासकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या श्रेणीत तर सर्वांत वरच्या पायरीवर फार तर तीन ज्ञात नमुने असलेले नाणे बसते. विक्रेत्यांच्या सूचीचा अनुवाद कधी हाती आला, तर ही शिडी लक्षात असू द्या. आणि ‘रेअर पीपल केम’ असे कधीही लिहू नका. थोडे लोक आले हे सांगायला ‘फ्यू’ आहे.

आता तुमचे ‘आय रेअरली डोन्ट गो आउट’. ही अडचण तुमच्या इंग्रजीतून आलेली नाही, ती मराठीतून आली आहे. ‘मी सहसा बाहेर जात नाही’, ‘मी फारशी बाहेर जात नाही’ या वाक्यांत ‘सहसा’ आणि ‘फारशी’ यांना त्या अर्थासाठी ‘नाही’ लागतोच. इंग्रजीतल्या ‘रेअरली’च्या पोटात तो नकार आधीच आहे, म्हणून त्याच्या जोडीला ‘डोन्ट’ आला की नकार दोनदा होतो आणि वाक्याचा अर्थ ‘मी बाहेर गेले नाही असे क्वचितच घडते’ असा उलटा होऊन बसतो. मराठीत ‘रेअरली’चा खरा सवंगडी ‘क्वचितच’ आहे: ‘मी क्वचितच बाहेर जाते’, इथे ‘नाही’ येत नाही. लिहिण्याआधी मनात मराठी वाक्य ‘क्वचितच’ने जुळवले, तर इंग्रजी वाक्य आपोआप बरोबर उतरते.

हा पोटातला नकार एकदा ओळखला की ‘रेअरली’चे बाकीचे वागणेही समजते. त्याच्या वाक्यात ‘समथिंग’ऐवजी ‘एनिथिंग’ येते: ‘शी रेअरली सेज एनिथिंग’. वाक्याच्या शेवटी पुस्ती-प्रश्न जोडायचा झाला, तर तो होकारार्थी असतो, ‘ही रेअरली कम्स, डझ ही?’, जसा तो कोणत्याही नकारार्थी वाक्याला असतो. आणि जोर देण्यासाठी ‘रेअरली’ वाक्याच्या आरंभी आणला, की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते: ‘रेअरली हॅव आय सीन सच पेशन्स’. हे शेवटचे रूप भाषणात आणि औपचारिक लेखनात शोभते. घरगुती पत्रात ते थोडे नाटकी वाटते. एरवी त्याची जागा मुख्य क्रियापदाच्या आधी असते, पण ‘इज’, ‘वॉज’ यांसारख्या रूपांच्या नंतर: ‘ही इज रेअरली लेट’. ‘रेअरली एव्हर’ बोलण्यात सर्रास ऐकू येते, पण काटेकोर संपादक त्याला हरकत घेतात. लेखनात ‘रेअरली, इफ एव्हर’ निर्धोक आहे. ‘सेल्डम’ अर्थाने तोच, फक्त अधिक ग्रांथिक. विशेषणाने वाक्य करायचे असेल, तर ‘इट इज रेअर फॉर हिम टु कम्प्लेन’ ही रचना सर्वांत सहज वाचली जाते.

शास्त्रीय संज्ञांच्या बाबतीत माझा सल्ला असा, की तिथे शब्दाचा अर्थ लावायला जाऊ नये, रूढ संज्ञा घ्यावी. ‘रेअर अर्थ’ हे उत्तम उदाहरण. या गटात सतरा धातू आहेत आणि त्यांतले बहुतेक विरळ नाहीत. सेरियम भूपृष्ठाच्या कवचात जवळजवळ तांब्याइतके आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनमधल्या इटरबी या गावाजवळ सापडलेल्या एका काळ्या खनिजात रसायनतज्ज्ञ योहान गादोलिन यांना एक अनोळखी ऑक्साइड मिळाले. त्या काळी रसायनतज्ज्ञ अशा ऑक्साइडांना ‘अर्थ’ म्हणत आणि ती देणारी खनिजे तेव्हा थोड्याच ठिकाणी ठाऊक होती, म्हणून नाव पडले ते पडले. हे धातू खडकांत फार पसरलेले असतात, एका जागी दाट साठे क्वचित मिळतात आणि एकमेकांपासून वेगळे करायला किचकट असतात. म्हणजे ‘रारुस’चा जुना अर्थ इथे योगायोगाने लागू पडतो. मराठीत ‘दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये’ ही संज्ञा रूढ आहे. ती दोन्ही अंगांनी दिशाभूल करणारी आहे, तरीही तीच वापरावी आणि गरज पडल्यास एका वाक्यात खुलासा करावा. ‘रेअर गॅसेस’चे मात्र बरे झाले. हवेत आरगॉन सुमारे ०.९३ टक्के, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वीस पटींहून अधिक आहे हे कळल्यावर ते नाव मागे पडले, आणि मराठी पाठ्यपुस्तकांत त्या गटाला ‘राजवायू’ असे देखणे नाव मिळाले.

गुणांतल्या विरळपणाबद्दल फार सांगायला नको. ‘अ वुमन ऑफ रेअर करेज’ यातला ‘रेअर’ कौतुकाचा आहे आणि त्यासाठी मराठीत ‘असामान्य’, ‘अपूर्व’, ‘लाखात एक’, ‘विरळा’ असे ऐश्वर्य आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत बेन जॉन्सन या नाटककाराच्या समाधीवर ‘ओ रेअर बेन जॉन्सन’ एवढेच कोरलेले आहे, त्यातला ‘रेअर’ हाच. ‘लाखात एक’ माहितीपत्रकात मात्र येऊ देऊ नका. दुष्परिणामाची स्तुती केल्यासारखे होईल.

‘रेअरेस्ट ऑफ रेअर’ ही द्विरुक्ती नाही. ‘रेअर’ हे श्रेणी असलेले विशेषण आहे, त्यामुळे ‘रेअरर’, ‘रेअरेस्ट’, ‘व्हेरी रेअर’ ही सगळी रूपे शुद्ध आहेत. ‘युनिक’ म्हणजे एकमेव, म्हणून त्याला ‘अधिक’ किंवा ‘सर्वांत’ जोडता येत नाही अशी जी हरकत काटेकोर लेखक घेतात, ती इथे लागू होत नाही. फाशीच्या शिक्षेसंदर्भातला हा शब्दप्रयोग भारतीय सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० सालच्या बच्चन सिंग खटल्यातल्या निकालामुळे रूढ झाला. विरळ अशा प्रकरणांतही जी सर्वांत विरळ, तिथेच ही शिक्षा विचारात घ्यावी, असे त्यातून सांगायचे होते, म्हणजे त्या शब्दांत दोन पायऱ्या जाणीवपूर्वक ठेवलेल्या आहेत. मराठी वृत्तपत्रांनी त्याचे ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ केले आहे आणि कायद्याच्या मजकुरात तेच ठेवावे, तिथे नवा पर्याय सुचवण्याची ही जागा नव्हे.

लेखनाच्या दोन चुका तुमच्या मसुद्यांत नसल्या तरी नजरेत असू द्या. ‘रेअर’ आणि ‘रिअर’ यांच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराच्या जागेचा खेळ आहे, आणि ‘रिअर’ म्हणजे मागचा. घाईत टंकलेला ‘रिअर डिसीज’ संगणकाच्या शुद्धलेखन तपासणीत पकडला जात नाही, कारण दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत. दुसरे, ‘रेअरिंग टु गो’ असे कुठे दिसले तर त्यात विरळपणा शोधू नका. तो घोड्याने मागच्या पायांवर उभे राहण्याच्या क्रियापदाच्या बोलीरूपातून आला आहे आणि त्याचा अर्थ ‘निघायला उतावीळ’ असा आहे.

मसुदे परत पाठवताना माहितीपत्रकासोबत संपादकांना एक विचारणा जरूर करा: मूळ पत्रकात पायऱ्यांपुढे आकडे छापलेले आहेत का. असतील तर ते मराठीत जसेच्या तसे घ्या. नसतील तर स्वतःहून भरू नका, कंपनीकडून मागवा.